माहेरच्या तालुक्यात मुक्कामी

मुंबईची माणसं शनिवार-रविवार कर्जतला येतात. कर्जतची माणसं शनिवार-रविवारी कुठं जातात हे कुणी विचारत नाही, कारण ती कुठंच जात नाहीत असा समज आहे. आम्ही जातो. आम्ही खालापूर तालुक्यात जातो. हिवाळा सुरू झाला की ऑफिसातल्या बायका जयपूर, मनाली अशी नावं घेतात आणि मग शिष्टाचार म्हणून माझ्याकडं वळतात. मी म्हणते, “खालापूर.” त्या थोडा वेळ थांबतात. त्यांना वाटतं, मी अजून काहीतरी सांगणार आहे.

ही सहल आईची. बाबा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिनं अचानक जाहीर केलं की तिला हवापालट पाहिजे. ती राहते भिसेगावात, आम्ही नवराबायको शेलूच्या नव्या इमारतीत. मी महाबळेश्वर सुचवलं, नवऱ्यानं गणपतीपुळे सुचवलं. तिनं दोन्ही नीट ऐकून घेतलं आणि खालापूर तालुक्यातल्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथं डोंगर आहे, धरणाचं पाणी आहे, वालाच्या शेंगा भरल्यात आणि रविवारी कबड्डीचे सामने आहेत. महाबळेश्वरला हे सगळं एका जागी मिळत असेल तर तिकडं जाऊ, म्हणाली. मिळत नव्हतं.

तिनं सांगितलं नाही ते एवढंच, की त्या गावाच्या शेजारचं गाव म्हणजे तिचं माहेर. तिथं तिचा सख्खा थोरला भाऊ राहतो, आणि मी शाळेत होते तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. म्हणून आम्ही उतरतो ते होमस्टेमध्ये. माहेरची कौलं ओट्यावरून दिसत असताना भाड्याच्या खोलीत राहणारी बाई अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल. पहिल्या वर्षी मालकीणबाईंनी आईला विचारलं, “पाहुणं कुठचं?” आई म्हणाली, “कर्जतचं.” या बाई आणि आई शाळेत एका बाकावर बसायच्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी दोघींनीही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

भांडण कबड्डीवरून झालं. शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊबहीण पुष्कळ असतात, त्यांना कोर्टात तरी जाता येतं. आमच्या भांडणाला कोर्ट नव्हतं.

बाबा आमच्या गावच्या संघातून खेळायचे, चढाईला. मामा पंच होता, आणि पंच म्हणून त्याचं नाव होतं. एका वर्षी अंतिम सामना मामाच्याच गावात झाला. शेवटच्या चढाईत बाबा दोन गडी शिवून मध्यरेषेवर परत आले. आमची माणसं नाचायला लागली आणि मामानं शिट्टी वाजवून बाबांनाच बाद दिलं. दम तुटला, म्हणाला. चढाईवाल्यानं एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत परत यायचं, मधे थांबला की गेला, हा नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. पण बाबा खरंच थांबले होते का, हे पंचाशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण सगळं गाव ओरडत होतं. सामना आम्ही हरलो. बाबांनी मामाशी हात मिळवला, अंगाची माती झटकली आणि आता जेवायला काय आहे याची चौकशी केली.

जेवण मामाकडंच होतं. पाहुण्या संघाची पंगत बसली होती, ताटं वाढून झाली होती. आई आली, माझा हात धरला आणि बाबांना म्हणाली, “उठा.” बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी ताटात ठेवला. मामा दारात आडवा आला. “बाय, जेवल्याबिगर गेलीस तर परत या दारात येऊ नको.” आई गेली. माहेरच्या वाढल्या ताटावरून उठून जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कर्जत स्टेशनबाहेर बाबांनी आम्हाला वडापाव घेऊन दिला. स्वतःचा खाताना एवढंच म्हणाले की मटण बरं दिसत होतं. त्यावरून आई त्यांच्याशीही बोलेनाशी झाली, पण ते घरातले असल्यामुळं लवकर मिटलं.

मामाचं मिटलं नाही. भाऊबीज बंद झाली. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मामाला पत्रिका पाठवली, पोस्टानं. तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टानं पत्रिका म्हणजे येऊ नको असंच कळवणं, आणि मामाला ते बरोबर कळलं. भटजींनी “मामा, मुलीला घेऊन या” असं पुकारलं तेव्हा आईचा एक चुलतभाऊ मला मांडवात घेऊन गेला. तो भला माणूस आहे. पण मी सगळ्या मांडवात मामाला शोधत होते. तो नव्हता याचं तेव्हा वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

तर अशी ही सहल. मामा आता पंच नाही, पण पंचक्रोशीत कुठंही सामने असले की त्याची खुर्ची पुढच्या रांगेत असते. आई त्याला वर्षातून एकदा लांबून बघते आणि घरी येते. हे तिनं कधी कबूल केलेलं नाही. विचारलं तर म्हणते, हवा चांगली हाय तिकडची. मला दरवर्षी एकाच गोष्टीची धास्ती वाटायची. दोघंही आता थकली आहेत. एक दिवस त्यातलं एक जण न बोलता जाईल आणि दुसरं उरलेलं आयुष्य ते घेऊन बसेल.

शनिवारचा दिवस देखाव्यासाठी असतो. नवरा गाडी चालवतो. कुंभिवलीच्या आसपास हायवेवर कंटेनरच्या मागं अडकून आम्ही थोडा वेळ धूर खातो आणि मग आत वळलो की एकदम डोंगर अंगावर येतात. होमस्टेच्या ओट्यावर बसलं की समोर पाणी, पाण्यावर सकाळचं धुकं, पलीकडं कड्यांची रांग. सावरीला लाल फुलं आलेली असतात, झाडावर एक पान नसतं. नवरा मोबाइल घेऊन उभा राहतो आणि तेच फोटो काढतो जे त्यानं मागच्या वर्षी काढले होते. आई या सगळ्याकडं पाठ करून बसते. त्या डोंगरावर ती लहानपणी सरपणाला जायची, येताना डोक्यावर मोळी. त्याच्याकडं नुसतं बघत बसायचे लोक पैसे देतात हे तिला पटत नाही.

“आई, बघा तरी,” नवरा म्हणतो.

“बघितलाय तो. कुठं जात नाय.”

संध्याकाळी पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी, बटाटे आणि मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून भरायचा. मग मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. नवरा नगरकडचा. जाळ झाला की तो म्हणतो, “आमच्याकडं हुरडा असतो.” दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी कुणी उत्तर देत नाही. आई आणि मालकीणबाई जाळाच्या दोन बाजूंना उकिडव्या बसतात. मडकं कधी काढायचं यावर दोघींचा वाद होतो. मालकीणबाई मडक्यावर पाणी शिंपडतात, ते चर्रकन उडून जातं. त्या म्हणतात झाली. आई म्हणते नाय झाली. मडकं निघतं तेव्हा शेंगा अगदी बेताच्या शिजलेल्या असतात, आणि आई दोन-चार खाऊन सांगते की अजून जरा पाहिजे होती. तिच्या घराण्यात निकाल द्यायची सवय सगळ्यांनाच आहे.

या वर्षी मडकं कधी काढायचं यावर वाद झाला नाही. मालकीणबाई सहज बोलून गेल्या होत्या की दादांना, म्हणजे मामाला, दिवाळीपासून बरं नाही, उजव्या हातापायात जोर राहिला नाही, उद्या सामन्याला येतात की नाही कोण जाणे. आईनं शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, “मीठ जास्त झालंय.” मीठ जास्त झालेलं नव्हतं.

रविवारी दुपारी मात्र ती जेवली नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या जवळ्याची चटणी असताना आई जेवत नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. सामने ऊन कलल्यावर सुरू होणार होते. ती त्याच्या कितीतरी आधी जाऊन बसली.

भात कापलेल्या शेतात मैदान केलं होतं. माती चाळून, पाणी मारून, दाबून ती अशी गुळगुळीत करतात की त्यावर बसून जेवावं. एका बाजूला पुरुष, समोरच्या बाजूला कापडाच्या मांडवाखाली बायका. ही पद्धत आईच्या फार सोयीची. भावाच्या समोर बसल्याचा आरोप तिच्यावर कुणी करू शकत नाही, ती बायकांत बसलेली असते. फक्त मामाची खुर्ची जिथं असेल, त्याच्या नेमकी समोरची जागा ती धरते.

मामा आला. दोघांनी धरून आणला. पांढरी टोपी, अंगावर शाल, आणि शालीच्या आत पूर्वीच्या मामाचा निम्माच मामा. खुर्चीत बसवल्यावर त्यानं मान वर करून आमच्या बाजूची रांग एका टोकापासून तपासायला घेतली. आईपाशी आला आणि थांबला. मग मैदानाकडं बघायला लागला. आईनं पदर सारखा केला.

दरवर्षी यानंतर चहा येतो. कुणीतरी पोरगी किटली घेऊन थेट आमच्यापाशी येते. आजूबाजूच्या बायकांना मागून मिळतो, आम्हाला न मागता. चहा कुणी पाठवला हे आईनं कधी विचारलं नाही आणि चहा कधी परतही पाठवला नाही. या वर्षी चहा आला नाही. आईनं दोनदा वळून बघितलं. “तुला चहा पाहिजे का?” मी विचारलं. “कशाला? आताच घेतला,” म्हणाली. घेतला नव्हता.

पहिला डाव रंगला. माझा नवरा पुरुषांच्या बाजूला उभा राहून मन लावून शेंगदाणे खात होता. समालोचक माइकवरून खेळाडूंपेक्षा देणगीदारांची नावं जास्त घेत होता. एका चढाईत पंचानं गडी बाद दिला आणि आई उठून ओरडली, “कान हायत का नाय पंचाला?” बायका हसल्या. हे वाक्य ती दरवर्षी एकदा तरी ओरडते, पंच कुणीही असो, आणि ते पंचाला उद्देशून नसतं. एरवी मामा पलीकडून नुसता मिशीत हसतो. या वर्षी त्यानं ऐकलं की नाही तेही कळलं नाही. त्याची मान खाली गेली होती.

मध्यांतराची शिट्टी झाली आणि मामाची सून त्याला उठवायला आली. रस्त्याकडेला गाडी उभी केली होती. त्याला बसवत नव्हतं, हे इकडून दिसत होतं. काखेत हात घालून त्याला उभा केला, तो एका बाजूला कलला, पुन्हा सावरला.

आई उठली. मला वाटलं, मांडवाच्या मागून वळसा घालून जाईल. तसा रस्ता होता, पण लांबचा. ती सरळ मैदानाच्या रेषेपाशी गेली. रेषेवर थांबून चपला काढल्या, खाली वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि चालायला लागली. खेळाडू आत उतरताना करतात तसंच. ती शाळेत असताना खेळायची, हे मला माहीत होतं. ते तिच्या अंगात एवढं उरलं असेल असं वाटलं नव्हतं.

“माता-भगिनींना विनंती आहे, मैदानात येऊ नये,” समालोचक म्हणाला.

आई मध्यरेषेवर पोचली होती.

“ओ मावशी! माती खराब होतेय! तिकडून या ना!”

कुणीतरी जुन्या माणसानं बहुतेक माइकच्या वायरवाल्याला काहीतरी सांगितलं असावं, कारण आवाज बंद झाला. मी तिच्या चपला उचलून वळसा घालून धावले. मी पोचले तेव्हा ती मामाच्या समोर उभी होती आणि मामा पुन्हा खुर्चीत बसला होता. सून बाजूला सरली होती. माझ्याकडं बघून मामा म्हणाला, “ही पोरगी तुजी?” आणि डोळे बारीक करून बघतच राहिला. मी वाकून नमस्कार केला. त्याचा डावा हात माझ्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

“दादा,” आई म्हणाली, “तुला एक सांगायचं हाय. ऐकून घे, मधे बोलू नको.”

“बोल.”

“ते मला दवाखान्यात बोलले होते. शेवटी. बोलले, त्या दिवशी माझा दम तुटलेला. तुझ्या भावानं बरोबर दिलं. जा, त्याला सांग.”

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांच्या उशाशी मी आणि आई आळीपाळीनं बसायचो. हे कधी झालं आणि तिनं ते कुठं लपवून ठेवलं, मला पत्ता नव्हता. ती पुढं म्हणाली, “मी आले नाय. एवढी वर्षं तुला खोटा पंच बोलले. आता कुठल्या तोंडानं येऊ, असं वाटलं. दर साली येते नि समोर बसून जाते. चुकलं माझं.”

मामानं सुनेला चहा आणायला पाठवलं. ती गेल्यावर म्हणाला, “मला काय ऐकू आलं नव्हतं गं.”

“काय?”

“दम तुटला का नाय तुटला, मला ऐकूच आलं नव्हतं. केवढा आरडाओरडा होता. पण ते माझे दाजी. नाबाद दिले असते तर गाव बोललं असतं, बहिणीच्या नवऱ्याला सामना दिला. तेच दुसरं कोण असतं तर मी गुण दिला असता. ते होते म्हणून बाद दिले.”

आई खाली मातीतच बसली. “म्हंजे तुटला नव्हता.”

“ते बोलले ना तुला, तुटलेला. त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला ठावं?”

“ते खोटं बोलले रं!”

“ते खोटं बोलणारे नव्हते.”

“बोलले! तुझ्याकडं मला धाडायला बोलले. आपण मेल्यावर ही एकटी पडंल, हिला माहेर नाय, म्हणून बोलले. नाय तुटला दम. मी काठावर उभी होते, मला ऐकू येत होतं!”

“तुला काय ऐकू येतंय एवढ्या लांबून?”

“येत होतं!”

“पंच तू होतीस का मी?”

दुसरा डाव सुरू व्हायची शिट्टी झाली. मैदानावरून आईच्या पावलांचे ठसे कुणीतरी घाईघाईनं पुसत होतं. लोक सामन्याकडं वळले. इकडं ही दोघं त्या जुन्या सामन्याच्या त्याच शेवटच्या चढाईवर त्याच दोन बाजूंनी भांडत होती. मामाला वाटत होतं, बाबा खरं बोलले असावेत, म्हणजे इतकी वर्षं मनाला लागलेलं ते एकदाचं जाईल. आईला तसं वाटून घेणं आता शक्यच नव्हतं. बाबा तिच्यासाठी खोटं बोलून गेले होते. हरलो म्हणून कबूल करून गेले होते, फक्त तिनं भावाकडं जावं म्हणून, आणि ती गेली नव्हती.

मग ती रडायला लागली. बाबा गेले तेव्हा तिनं घरातल्या सगळ्यांचं जेवणखाण बघितलं होतं, आल्यागेल्याला चहा केला होता. अशी रडताना मी तिला त्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, अंग हलवून, भर सामन्यात.

“माझ्यासाठी बोलले रं,” ती म्हणाली. “जा सांग, बोलले. आणि मी कुणाला सांगितलं नाय.”

“आता सांगितलंस ना,” मामा म्हणाला. खुर्चीवरून खाली तिच्या शेजारी बसता यावं म्हणून त्यानं माझ्याकडं हात पुढं केला. मी त्याला धरून उतरवलं.